अ‍ॅडॉप्टरवरून बॅटरीवर: शीतपेटीच्या नोंदयंत्राच्या प्रकल्प नोंदी

४ एप्रिल

तक्रार अशी आहे की लाईट गेली की बियाण्यांच्या शीतपेटीवरचं तापमान नोंदयंत्र बंद पडून पुन्हा सुरू होतं. बॅटरी जोडलेली आहे, ती चार्ज आहे, अ‍ॅडॉप्टरवरून बॅटरीवर नेणारा विजेचा स्विच, म्हणजे रिलेही आहे. तरी हे होतं. नोंदयंत्र ईएसपी३२ या छोट्या मायक्रोकंट्रोलरवर चालतं, वाचन एसडी कार्डावर लिहितं आणि तापमान वाढलं तर राउटरमार्फत इशारा पाठवतं. ते मधेच मेलं की कार्डावरची फाइल अर्धवट राहते. राउटर पुन्हा उठेपर्यंत मिनिट-दोन मिनिटं जातात, तेवढा वेळ इशाराही जात नाही. शीतपेटीच्या बाबतीत लाईट गेल्यानंतरचा तासच सगळ्यात मोलाचा असतो. बाकी दिवसभराचं तापमान सपाट रेघेसारखं चालतं. त्या तासाची नोंद मिळणार नसेल तर यंत्र बसवून उपयोग काय?

आत्ताची जोडणी: १२ व्होल्ट २ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर, १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तासांची) सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी, तिला १३.६ व्होल्टवर ठेवणारा वेगळा चार्जर. अ‍ॅडॉप्टरवर रिलेची कॉइल. रिले ओढलेला असेल तर लोड अ‍ॅडॉप्टरवर, सुटला की बॅटरीवर. अ‍ॅडॉप्टरकडून रिलेच्या संपर्काकडे जाताना एक डायोड आहे आणि लोडच्या बाजूला २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. राउटर थेट १२ व्होल्टवर, ईएसपी३२ ला एलएम२५९६ या व्होल्टेज उतरवणाऱ्या चिपच्या मॉड्यूलमधून ५ व्होल्ट. सगळं मिळून अर्धा अँपिअर, म्हणजे सुमारे ६ वॉट.

आधी प्रोग्रॅमवरचा संशय फेडून घेतला. ईएसपी३२ उठल्यावर रीसेटचं कारण विचारता येतं. ते कार्डावर लिहायला लावलं. प्रत्येक वेळी उत्तर 'पॉवर-ऑन' आलं, वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकला की रीसेट करणारा पहारेकरी) एकदाही नाही. म्हणजे प्रोग्रॅम अडकत नाही, त्याच्या पायाखालची वीजच जाते.

५ एप्रिल

आजची गोष्ट विचित्र वाटावी अशी. अ‍ॅडॉप्टरचा जॅक बोर्डातून उपटला तर बदल अगदी सुरळीत होतो. रिले टक् करतो, नोंदयंत्राला पत्ताही लागत नाही. कितीही वेळा उपटा, तेच. पण जॅक तसाच ठेवून भिंतीवरचं बटण बंद केलं की राउटरचे दिवे विझतात, मग थोड्या वेळाने रिले वाजतो आणि सगळं नव्याने सुरू होतं. 'थोड्या वेळाने' हे महत्त्वाचं. तो उशीर कानाला कळतो इतका मोठा आहे.

लाईट जाते तेव्हा कोणी जॅक उपटत नाही. इथून पुढची प्रत्येक चाचणी भिंतीवरच्या बटणानेच करायची आणि तीही खरं लोड जोडून.

६ एप्रिल

स्कोप, म्हणजे व्होल्टेजची रेघ काढणारा ऑसिलोस्कोप, लावला. पहिला प्रोब अ‍ॅडॉप्टरच्या टोकावर, दुसरा लोडवर. उतरत्या कडेवर सिंगल शॉट, म्हणजे व्होल्टेज उतरताच एकदाच चित्र टिपायचं. बटण बंद केलं.

चित्र असं: बटणानंतर थोडा वेळ काहीच होत नाही, कारण अ‍ॅडॉप्टरच्या आतल्या मुख्य कपॅसिटरमध्ये साठा असतो. मग व्होल्टेज झपाट्याने उतरतं, १२ वरून ७ पर्यंत. ७ च्या आसपास एलएम२५९६ हात टेकतं, राउटर त्याच्या थोडं आधीच. आणि इथे रेघेचा उतार एकदम मंदावतो. ७ वरून पुढे ती रेंगाळत, वाकत खाली येते आणि बऱ्याच वेळाने रिले सुटतो.

असं का, हे रेघेवरूनच वाचता येतं. लोड चालू असताना अर्धा अँपिअर ओढला जात होता, म्हणून अ‍ॅडॉप्टरचा आउटपुट कपॅसिटर पटकन रिकामा झाला. लोड मेल्यावर त्याला रिकामं करणारं उरलं कोण? फक्त रिलेची कॉइल, ४०० ओहम. आतला कपॅसिटर १००० मायक्रोफॅरडच्या आसपास धरला तर कालस्थिरांक (व्होल्टेज सुमारे ३७ टक्क्यांवर यायला लागणारा वेळ) येतो ०.४ सेकंद. तेवढ्या साठ्यावर कॉइल आपला संपर्क आवळून बसते आणि तो संपर्क लोडला मेलेल्या अ‍ॅडॉप्टरशीच बांधून ठेवतो. शेजारी बॅटरी भरलेली असते, पण तिच्याकडे जायची वाट उघडतच नाही.

रिले नेमका कुठे सुटतो ते बेंच सप्लायवर पाहिलं. नॉब हळूहळू मागे फिरवत गेलो: १० व्होल्टला ओढलेला, ७ ला ओढलेला, ५ लाही ओढलेला. टक् आलं ते ३.४ व्होल्टला. यात रिलेचा दोष नाही. अशा रिलेच्या डेटाशीटमध्ये सुटण्याची हमी कॉइलच्या व्होल्टेजच्या १० टक्क्यांवर, म्हणजे १.२ व्होल्टवर दिलेली असते. आपला तर त्याहून बराच आधी सुटला. ७ वरून ३.४ वर यायला ०.४ सेकंदाच्या हिशेबाने ०.२९ सेकंद लागतात. स्कोपवर साधारण तेवढंच दिसतं. कॉइलवरचा फ्लायबॅक डायोड (कॉइल बंद होतानाचा उलटा झटका गिळणारा) सुटणं आणखी थोडं लांबवतो, पण तो काही मिलीसेकंदांचा मामला.

जॅक उपटल्यावर जमतं ते का, तेही यातच आलं. जॅकबरोबर अ‍ॅडॉप्टरचा कपॅसिटर बोर्डावरून जातो. लोडचा २२०० चा कपॅसिटर डायोडच्या पलीकडे असल्याने तो कॉइलला पोसू शकत नाही. कॉइल लगेच सोडते आणि मधल्या दहाएक मिलीसेकंदांसाठी २२०० पुरून उरतो: अर्धा अँपिअर गुणिले १० मिलीसेकंद भागिले २२०० मायक्रोफॅरड, म्हणजे सव्वादोन व्होल्टची घट.

७ एप्रिल

सहकाऱ्याची सूचना: "कपॅसिटर मोठा घालून बघा ना, बाकी काही बदलायलाच नको." हिशेब करून पाहिला. अ‍ॅडॉप्टरचा साठा एकट्या कॉइलने १२ वरून ३.४ पर्यंत आणायचा तर अर्धा सेकंद लागतो. ६ वॉट लोड अर्धा सेकंद चालवायचं म्हणजे ३ ज्यूल. १२ ते ७ व्होल्टच्या पट्ट्यात ३ ज्यूल देणारा कपॅसिटर ६०,००० मायक्रोफॅरडच्या वर जातो. डब्यात मावणार नाही, आणि लाईट आल्यावर अ‍ॅडॉप्टरला तो रिकामा कपॅसिटर शॉर्टसारखाच भासेल. कपॅसिटर रिलेच्या पात्याची उडी झाकू शकतो, निर्णयातला उशीर झाकू शकत नाही. दुखणं त्या उशिरात आहे.

कॉइल हा मोजणारा भाग नव्हे, हे इथे स्पष्ट होतं. ती 'वीज आहे की नाही' एवढंच जाणते आणि तेही आपल्या सवडीने. आपल्याला हवं ते 'वीज पुरेशी आहे की नाही'. त्यासाठी उंबरठा ठरवून देणारा कंपॅरेटर, म्हणजे दोन व्होल्टेज ताडून पाहणारा भाग, हवा: १० व्होल्टच्या खाली गेलं की तोड, मग अ‍ॅडॉप्टरच्या पोटात कितीही साठा असो.

८ एप्रिल

रिले काढायचा ठरला. त्याच्या जागी पी-चॅनल मॉसफेट, म्हणजे हलता भाग नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच; ड्रेन आणि सोर्स ही त्याची दोन टोकं.

कागदावर सगळ्यात सोपी वाट म्हणजे दोन शॉटकी डायोड (कमी व्होल्टेज खाणारे), एक अ‍ॅडॉप्टरकडून, एक बॅटरीकडून. ज्याचं व्होल्टेज जास्त तो पुरवठा करतो. पण इथे बॅटरी १३.६ वर आणि अ‍ॅडॉप्टर १२ वर. लाईट असतानाही लोड बॅटरीवरच चालणार आणि अ‍ॅडॉप्टर नुसता बघत बसणार. अ‍ॅडॉप्टर १५ व्होल्टचा घेतला असता तर डायोडांनी काम भागलं असतं; पण राउटर १२ व्होल्टचा आहे, त्याला १५ देणार नाही.

एकटा मॉसफेटही याच कारणाने चालत नाही. पी-चॅनलच्या आत ड्रेनकडून सोर्सकडे एक बॉडी डायोड, म्हणजे अंगभूत एकदिशा वाट, असते. ड्रेनला बॅटरी आणि सोर्सला लोड जोडलं तर मॉसफेट बंद असतानाही १३.६ उणे ०.६, म्हणजे १३ व्होल्ट लोडपर्यंत पोचतात. अ‍ॅडॉप्टर शॉटकीनंतर ११.६ वर. पुन्हा बॅटरीच जिंकते. ही चूक दिसून येत नाही, कारण लाईट गेल्यावर सगळं उत्तम चालतं. कळतं ते काही महिन्यांनी, बॅटरी रोज झिजून गेल्यावर. ओळखायची खूण एकच: लाईट असताना बॅटरीच्या तारेत करंट मोजा. लोडाएवढा आला तर बॅटरी राबते आहे.

म्हणून दोन मॉसफेट, सोर्सला सोर्स जोडून. आयआरएफ४९०५ घेतले, ५५ व्होल्ट, प्रत्येकी ०.०२ ओहम. अर्ध्या अँपिअरला दोघांत मिळून २० मिलिव्होल्ट पडतात, शॉटकीत याच करंटला ०.३ ते ०.४ व्होल्ट गेले असते. बॅटरीवर चालताना हा फरक फार कामाचा.

या जोडणीतली एक गोष्ट मला मनापासून आवडते. दोन्ही बॉडी डायोडांची तोंडं मधल्या सोर्सच्या बिंदूकडे असतात. म्हणजे त्या बिंदूवर बॅटरी आणि लोड यांपैकी जे वरचढ असेल त्याचं व्होल्टेज, ०.६ वजा होऊन, आपोआप मिळतं. कंपॅरेटरला वीज तिथूनच दिली. लोडच्या बाजूने दिली असती तर अडचण होती: लाईट नसताना कोणी बॅटरी बदलली तर लोडवर शून्य, म्हणून कंपॅरेटर मेलेला, म्हणून मॉसफेट बंद, म्हणून लोडवर शून्य. असं कोडं बसलं की लाईट येईपर्यंत ते सुटत नाही.

१० एप्रिल

मंडळ (सर्किट) परफबोर्डवर, म्हणजे भोकांच्या पट्टीवर, उभं केलं. एलएम३९३ (एका चिपमध्ये दोन कंपॅरेटर), त्याला टीएल४३१ या चिपचा २.४९५ व्होल्टचा संदर्भ. अ‍ॅडॉप्टरचं व्होल्टेज ३३ के (किलोओहम) आणि १० के मधून विभागून पहिल्या कंपॅरेटरला. आउटपुटकडून ४७० के परत इनपुटला, हिस्टेरेसिससाठी, म्हणजे तोडण्याचा आणि जोडण्याचा उंबरठा वेगळा राहावा म्हणून. हिशेबाने उतरताना १० व्होल्टला तोडतं, चढताना १०.९ ला जोडतं. मोजल्यावर जवळपास तसंच आलं.

भिंतीवरचं बटण बंद. लोडचा तळ ९ व्होल्टच्या किंचित वर, आणि लगेच १२.७. राउटरचा एकही दिवा हलला नाही.

उंबरठा इतका खाली का, हे लिहून ठेवतो, कारण पुढे कोणीतरी तो 'सुधारायला' जाईल. अ‍ॅडॉप्टरवर लोड नसताना १२.१ असतात, लोड आल्यावर पातळ केबलच्या शेवटी ११.५. उंबरठा या दोहोंच्या मधे, समजा ११.८ वर ठेवला, तर लाईट आल्यावर अ‍ॅडॉप्टर पुरेसा दिसतो, लोड त्याच्यावर जातं, व्होल्टेज उंबरठ्याखाली येतं, लोड परत बॅटरीवर, व्होल्टेज पुन्हा वर. हा झोका थांबतच नाही. दोन्ही उंबरठे लोडसहित व्होल्टेजच्या खाली असले पाहिजेत आणि एकमेकांपासून लोडने होणाऱ्या घटीपेक्षा जास्त लांब.

१२ एप्रिल

लाईट येते ती नेहमी एका दमात येत नाही. येते, जाते, परत येते. म्हणून परतीला थोडा उशीर हवा. जाताना मात्र अजिबात नको. एलएम३९३ चा दुसरा अर्धा भाग याच कामाला लावला. पहिल्याच्या आउटपुटवरून २.२ मेगाओहममधून कपॅसिटर हळू भरतो, आणि १एन४१४८ डायोडमधून झटक्यात रिकामा होतो.

कपॅसिटरचं माप इथे जपून निवडावं लागतं. १० मायक्रोफॅरड घातला तर परतीचा उशीर पाच सेकंदांवर जातो, ऐकायला छान. पण जाताना तो एलएम३९३ च्या आउटपुटलाच रिकामा करायचा असतो, आणि त्याची हमी फक्त ६ मिलिअँपिअरची. १३ व्होल्टवरून २.५ वर यायला १७ मिलीसेकंद लागू शकतात. तेवढ्यात लोडचा २२०० चा कपॅसिटर जवळपास चार व्होल्ट गमावतो, म्हणजे १० वरून थेट ६ वर. जी दरी बुजवायला निघालो तीच नव्याने खणली जाईल. १ मायक्रोफॅरड ठेवला: परतीला अर्धा सेकंद, जाताना वाईटात वाईट पावणेदोन मिलीसेकंद. अर्धा सेकंद पुरेसा आहे. शिवाय लाईटचा लपंडाव त्याहून लांबला तरी लोडला इजा नाही, नुसती अदलाबदल होते.

दुसऱ्या आउटपुटवर लाल एलईडी लावला, 'बॅटरीवर चालू' यासाठी.

१५ एप्रिल

मंडळ डब्यात बसवून झाकण लावलं. बॅटरी किती टिकते ते पाहायला अ‍ॅडॉप्टरचा जॅक काढून ठेवला. सकाळी सगळं ठीक. दुपारी सहकारी म्हणाला, "लाल दिवा मधेच झटका खातोय, बघा बरं." खरंच, सेकंदात दोनेक वेळा तो क्षणभर मिटत होता. झाकण उघडलं, मल्टीमीटर शोधेपर्यंत थांबला. झाकण लावलं, थोड्या वेळाने पुन्हा सुरू.

उघडलं की बरं, झाकलं की आजारी. म्हणजे उष्णता.

अ‍ॅडॉप्टरच्या टोकांवर मीटर लावून दोन तारा बाहेर काढल्या आणि झाकण बंद केलं. जॅक काढलेला आहे, तिथे शून्य असायला हवं. सुरुवातीला दीड-दोन व्होल्ट दिसले. डबा तापत गेला तसा आकडा चढत गेला: ४, ६, ९. अकराच्या जवळ गेल्यावर लाल दिव्याचा झटका सुरू झाला.

हे अ‍ॅडॉप्टरकडच्या शॉटकीतून, १एन५८२२ मधून, उलटं गळणारं करंट. १एन५८२२ पुढच्या दिशेला कमी व्होल्टेज खातो, त्याची किंमत उलट्या गळतीत द्यावी लागते. डेटाशीटमध्ये ४० व्होल्टला, २५ अंश सेल्सियसवर कमाल २ मिलिअँपिअर आणि १०० अंशांवर २० मिलिअँपिअर दिलेत. दर दहा अंशांना गळती साधारण दुप्पट होते असं धरून चालावं. लोडवर बॅटरीचे १२.७ आहेत, ते डायोडमधून मागे झिरपतात आणि अ‍ॅडॉप्टरच्या बाजूला त्यांना वाट आहे ती फक्त माझ्या ४३ के च्या विभाजकाची. पाव मिलिअँपिअर झिरपलं तरी ४३ के वर १०.७ व्होल्ट उभे राहतात. कंपॅरेटरला वाटतं लाईट आली. अर्ध्या सेकंदाने तो बॅटरी तोडतो, लोड १० पर्यंत घसरतं, तसं झिरपणंही घसरतं, मग तो बॅटरी जोडतो, आणि चक्र पुन्हा पहिल्यापासून.

उपाय एका रोधाचा. अ‍ॅडॉप्टरच्या टोकांवर १ के, अर्धा वॉट. लाईट असताना त्यात १२ मिलिअँपिअर जातात, ०.१४ वॉट, ते परवडतं. गळती अर्धा मिलिअँपिअर झाली तरी त्यावर अर्धाच व्होल्ट उभा राहतो. डाग दिला (सोल्डर केला), झाकण लावलं, डबा आणखी तापू दिला. मीटरवर ०.४ च्या वर आकडा गेला नाही आणि दिवा स्थिर.

जॅक बसलेला असताना ही खोड दिसली नसती, कारण अ‍ॅडॉप्टरच्या आत आउटपुटवर रोध असतो आणि तो गळती खाऊन टाकतो. ५ तारखेला जॅक उपटून दोष लपत होता, आज उपटल्यामुळेच उघड झाला. तेव्हा चाचणीच्या यादीत दोन्ही: बटणाने आणि जॅकने. आणि दोन्ही झाकण लावून, डबा गरम असताना.

शॉटकीच्या जागी एलटीसी४४१२ सारखी, मॉसफेटला डायोडसारखं चालवणारी आयसी आणि मॉसफेट लावले तर गळतीचा प्रश्न मुळातच उरत नाही. पुढचा बोर्ड छापायचा झाला तर तेच करेन. आत्ता एका रोधाने निभावतंय.

१८ एप्रिल

बॅटरीकडे वळलो. विश्रांतीत १२.७ व्होल्ट दाखवते, म्हणजे निरोगी वाटते. तिच्यावर २१ वॉटचा गाडीचा बल्ब लावला, पावणेदोन अँपिअर. तत्काळ ११.४, आणि आकडा डोळ्यांदेखत उतरत राहिला. नवी बॅटरी त्याच बल्बवर १२.३ ला बराच वेळ थांबली. जुनी काढून टाकली. ७ एएच हा आकडा वीस तासांच्या दराचा, म्हणजे ०.३५ अँपिअरचा, आपल्या अर्ध्या अँपिअरला बारा-तेरा तास धरायचे, तेही बॅटरी नवी असताना.

१०.५ व्होल्टला तोडणारा भाग अजून बसवायचाय. त्याशिवाय लांबलेल्या अंधारात बॅटरी पार रिकामी होऊन सल्फेट धरेल, म्हणजे प्लेटांवर थर बसून क्षमता जाईल.

बॅटरीच्या धन टोकाला, टोकापासून बोटभर अंतरावर, ३ अँपिअरचा फ्यूज घातला. तो लांब, बोर्डाजवळ असेल तर मधली तार कुठे घासून शॉर्ट झाली की ती तारच पेटते.

२१ एप्रिल

काल संध्याकाळी लाईट खरोखर गेली. कार्डावरची फाइल सलग आहे, रीसेटची नोंद नाही. शीतपेटीचं तापमान ४.१ अंशांवरून हळूहळू ६.८ पर्यंत चढलं, मर्यादा ओलांडल्याचा इशारा वेळेत गेला, आणि लाईट आल्यावर पेटी परत खाली कशी आली तेही मिनिटामिनिटाने दिसतं.

उरलेलं काम: १०.५ ची तोड, आणि चार्जरचं तापमानानुसार व्होल्टेज जुळवणं. सहा सेलच्या बॅटरीला दर अंशाला सुमारे १८ मिलिव्होल्ट कमी करावे लागतात. डबा दुपारी किती तापतो ते १५ तारखेला पाहिलंच आहे. त्या उष्णतेत १३.६ जास्त होतात. बॅटरी डब्याबाहेर, सावलीच्या बाजूला हलवता आली तर हा प्रश्न निम्मा होईल. उद्या जागा बघतो.